बाबांना कुणी सांगितलं?

नवा आदेश आला होता, म्हणून सरकारी फोनमधली सोशल मीडियाची ॲप काढून घ्यायला आम्ही सगळे रांगेत उभे होतो. माझ्यापुढे एक परिचारिका आणि महिला आधारगृहाच्या अधीक्षिका बोलत होत्या.

"ताई, हे काय नवीन खूळ? माझ्या गरोदर बायका ह्याच ॲपवर सुजलेल्या पायांचे फोटो पाठवतात."

"त्यांना फोन करायला सांग."

"फोनवर सूज दिसते का? तुमचं काय जातंय बोलायला!"

"माझ्या हातून घडलंय, म्हणून बोलते. आमच्याकडे एका मुलीचा वाढदिवस केला. मी हौसेनं ह्याच फोनवरून फोटो टाकला. चेहरे झाकले होते, पण ॲपनं खाली ठिकाण लिहिलं."

"मग?"

"तिसऱ्या दिवशी तिचा बाप दारात."

"अगं बाई! आत शिरला?"

"रखवालदारानं अडवलं. पण मायलेकींना त्याच दिवशी दुसरीकडे हलवावं लागलं. निघताना पोरगी विचारते, 'मावशी, बाबांना कुणी सांगितलं?'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी सांगितलं, म्हटलं. खोटं कसं बोलू?"

"रडली?"

"नाही गं. म्हणाली, 'पुढच्या वाढदिवसाला नका हं सांगू.'"

खिडकीतून हाक आली, "पुढचा नंबर कुणाचा?"

"तुमचा आहे, ताई."

"हो."

"थांबा. आधी माझा फोन देते."