दोघांत एकाची तरी खरी

...आणि डॉक्टरीणबाई आमच्यावरच ओरडल्या! का, तर म्हणे आम्ही गोळ्या वाटून खाल्ल्या! अहो, आम्ही पायसांदू गावची माणसं, आमच्याकडे येर्बाच्या पानांचा कडू चहा एकाच सुक्या भोपळ्याच्या पेल्यातून, एकाच नळीनं घरभर फिरतो, बाई स्वतः आमच्या हातचा पितात, मग गोळीनंच काय घोडं मारलंय?

तुम्हाला सांगतो, मी आणि शेजारचा मिल्टन, दोघांचीही हृदयं थकलेली, दोघंही नव्या गोळीच्या चाचणीत. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसतं पीठ, आणि कोणाला काय, ते कुणालाच ठाऊक नाही! बाईंना विचारलं, 'मलाही ठाऊक नाही हो, काका.' नर्सनं तर हातच वर केले. मी थक्क! कितीतरी देशांतली हजारो माणसं रोज सकाळी गोळी गिळतात, आत काय ते कुणालाच ठाऊक नाही, आणि हे सगळं कुणासाठी? जे अजून आजारीसुद्धा पडले नाहीत त्यांच्यासाठी!

पण मिल्टनला जिना चढवेना हो. माझी बायको इर्मा शेवटी शेवटी अशीच जिन्यात थांबायला लागली होती... असो. म्हटलं, दोघांत एकाची तरी खरी असेलच की! 'मिल्टन, आज तुझी मी घेतो, माझी तू. उद्या आपापली.'

'आणि तुझीच खरी निघाली तर, म्हाताऱ्या?'

'तर निम्मी तुझी! चहा ओत.'

वर्षभर चाललं. फोडलं कुणी? मिल्टननंच! बाईंच्या हातात भोपळा देताना, वर छाती फुगवून! बाई कपाळाला हात लावून म्हणतात, 'आता तुम्हाला वगळताही येत नाही! एकदा गटात नाव घातलं की त्याच गटात शेवटपर्यंत मोजायचं!'

मग निकाल आला. खऱ्या गोळीवाले कमी दगावले, बरेच कमी! आणि आम्ही?

बाई हसू दाबत म्हणाल्या, 'दोघंही पीठ.'

म्हणजे वर्षभर आम्ही पीठ देऊन पीठ घेत होतो! मी हिरमुसलो, तर म्हणतात, 'अहो काका, कुणीतरी पीठ खाल्लं म्हणून तर खरीचा गुण कळला!' अंगावर काटा आला बघा. आमच्या पिठाच्या जोरावर कुणाची तरी इर्मा न थांबता जिना चढेल...

आता दोघांनाही खरी गोळी मिळते. काल मिल्टन जिना चढून वर आला, एकदाच थांबला, खुर्चीत बसला आणि तळहात पुढे केला. 'हं, बदल.'

'अरे, आता दोन्ही खऱ्या आहेत!'

'हे कुणी सांगितलं? बाईंनीच ना? मागच्या वेळी त्यांना तरी कुठे ठाऊक होतं?'

दिली बदलून. करतो काय!