पलंगावरचा दगड

ती खुर्ची नको. ती नको म्हटलं ना— ती वेताची घे, दिसते मोडकी पण मोडत नाही. ही सिमियनची आहे, तुझ्या सासऱ्याची. मेला म्हणून काय झालं? खुर्ची त्याचीच. आणि पायांची वाळू झाडून ये आधी, अख्खा किनारा घेऊन शिरलीस घरात. एकटीच आलीस? एवढी टेकडी चढून, ह्या उन्हात? रॉल कुठाय? पोहतोय. हं. पोहतोय म्हणे. ह्या पोराला बापानं होडीतून उचलून पाण्यात फेकलं होतं, जा म्हणाला, पोहत ये घरी— आणि तोच आता त्या हॉटेलातल्या निळ्या हौदात पोहतो. समोर एवढा समुद्र पसरलाय, ह्या कॅरिआकू बेटाला दुसरं आहे काय समुद्राशिवाय, आणि हा हौदात! मासे चावतात का त्याला आता?

घाम पूस. पाणी देते. उकळलेलं आहे, घाबरू नकोस, तुझ्या पोरांनी परवा माझ्या माठाकडे असं बघितलं जसं काही आत बेडूक पाळलाय मी. अर्धा तास बसली दोघं, सगळा अर्धा तास अंगावर डासांचं औषध फवारत. धाकटा विचारतो, आजी, तुझ्याकडे गार हवेचं यंत्र नाही? म्हटलं आहे की, ती बघ खिडकी. हसला नाही. तुमच्या टोरांटोत हसत नाहीत का पोरं? घे, पी— आणि आधी थोडं उंबऱ्याबाहेर— अगं! सांडलंस तू? मी सांगायच्या आधीच सांडलंस? बरं. रॉलनं शिकवलं असेल. गेलेल्यांना आधी, मग आपण, एवढं तरी त्याच्या लक्षात आहे म्हणायचं. मला वाटलं होतं तेही विमानतळावर ठेवून येतो.

तर त्यानं पाठवलं तुला. नाही? स्वतःहून आलीस? तू? माझ्याकडे? काय सांगतेस. लग्न झाल्यापासून तू मला एकदा आपणहून फोन केला नाहीस, बाई, आणि आज टेकडी चढून आलीस. बोलू? मी बोलते, तू पाणी पी. मला ठाऊक आहे तुला काय बोलायचंय. शनिवारचं. "ममा, ह्या खेपेला दगड उरकून टाकू"— उरकून टाकू! असा शब्द वापरतो बापाच्या कबरीच्या दगडाला. जसा काही भांड्यांचा ढीग पडलाय मोरीत. सहा दिवसांची सुट्टी, शनिवारी सकाळी दगड, दुपारी नावेतून त्या वाळूच्या बेटावर जेवण, रविवारी विमान. पाठीला तेल चोळून घ्यायचं ते कधी आहे, शुक्रवारी? मला ग्रेसीनं सांगितलं, ती तुमच्या हॉटेलात चादरी बदलते. तिनं सगळं सांगितलं. पपईचं कमळ करून देतात म्हणे तुम्हाला सकाळी. शंखातलं मांस देतात आणि वर फूल खोचतात. विश्रांती घ्यायला आलात. घ्या की. कोण नको म्हणतंय? फक्त एक सांग, ह्या घरात तीन खोल्या रिकाम्या असताना, मी गाद्या उन्हात घालून, पडदे धुवून ठेवलेले असताना, विश्रांती ती कोणापासून घ्यायची होती? माझ्यापासूनच ना?

नको, उत्तर नको देऊस. उगाच खोटं बोलावं लागेल.

आत काय बघतेस? आत कोणी नाही. ते पलंगावर— हो, चादर घातली आहे. माणूस नाही तो, दगड आहे. तोच. सिमियनचा. नाव कोरलेलं आहे, सिमियन क्वाशी, आणि खाली होडी, दोन शिडांची, कोरणाऱ्यानं जरा बुटकी केली पण ओळखू येते. मग कुठे ठेवू त्याला, अंगणात? कोंबड्या बसतील वर. आमच्यात दगड घरात येतो, त्याला झोपवतात, पांढरी चादर घालतात, मग आदल्या संध्याकाळी ढोल, भाताचे गोळे, मक्याच्या पिठाचं घोटलेलं कू-कू, तूर, बोकड, पहिलं ताट पूर्वजांचं, त्या ताटाला कोणी हात लावायचा नाही— आणि सकाळी खांद्यावरून न्यायचा कबरीवर. तोवर मेलेला माणूस मोकळा होत नाही. इकडेही नाही, तिकडेही नाही, असा फिरत असतो. हे रॉलला ठाऊक आहे. तुला नसेल, तुमच्याकडे मेला की मेला. इतरांकडे दगड एक रात्र झोपतो, माझ्याकडे जरा जास्त झोपलाय. त्याच्याच बाजूला झोपलाय, भिंतीकडे. मी इकडे, दाराकडे. असं बघू नकोस. जिवंत होता तेव्हाही तसाच गार होता पायांना.

पण दगड असा कोणाच्या मनात आलं म्हणून उभा करत नाहीत, सूनबाई. ज्याचा दगड त्यानं मागावा लागतो. स्वप्नात यावं लागतं त्यानं— बायकोच्या नाहीतर पोराच्या— आणि तोंडानं मागावा लागतो. मग घरचे कामाला लागतात. न मागता उभा केला तर तो दगड नुसता दगड. रॉल फोन करतो, "ममा, बाबा आले होते का?" मी सांगते, नाही बाबा, अजून नाही. "मग येतो पुढच्या वर्षी, बघू." आणि येतो. दर वेळी येतो. ह्या खेपेला मात्र ऐकायला तयार नाही, म्हणतो स्वप्नांवर कुठे थांबायचं, पुढल्या वर्षापासून सुट्ट्या मिळणार नाहीत, कंपनी बदलली. परवा ह्याच खोलीत माझ्यावर ओरडला. तू होतीस की, खिडकीबाहेर बघत होतीस, जसं काही बाहेर मिरवणूकच चाललीये.

त्या व्हर्नेटाला विचार, खालच्या वळणावर निळं दार आहे ते. तिच्या नवऱ्याचा दगड केवढ्या थाटात उभा केला पोरांनी! चार पोरं, चारी बाहेरून आली, दोन डुकरं कापली, ढोलवाले पहाटेचा वारा सुटेपर्यंत वाजवत होते. व्हर्नेटा नाचली, गुडघे दुखत असताना नाचली. आणि त्यानंतर? एक आलं नाही. एकसुद्धा. कशाला येतील? बापाचं झालं, जबाबदारी संपली, आता फोनवर तोंड दाखवतात चौकटीत, आणि ही बाई चौकटीला पापे देते. मी बघते ना. मी म्हटलं, माझं असं व्हायचं नाही. जोवर दगड आत आहे तोवर पोराला यावंच—

काय? मी काय म्हटलं? काही नाही म्हटलं. व्हर्नेटाचं सांगत होते.

पेला ठेव खाली, एका दमात रिकामा केलास. चढण लागली असेल. आणि असं डोळे लावून बघू नकोस माझ्याकडे. मी माझ्या नवऱ्याचं सगळं नीट केलंय. विचार कोणालाही. तपकिरी सूट, टोपी, पितळी बकलाचा पट्टा— अरूबाहून आणला होता त्यानं, तेलाच्या कारखान्यात राबायला गेला होता तेव्हा, उभ्या जन्मात दुसरा पट्टा लावला नाही— सगळं घालून पाठवला. गावानं बघितलं. त्याला कशाची कमी ठेवली नाही मी. आणि आता तू, जी पहिल्याच भेटीत मला नावानं हाक मारून गेलीस, "इस्मे"— माझ्या तोंडावर, इस्मे! गावातली शेंबडी पोरं मला टँटी, मावशी म्हणतात, पाद्री टँटी म्हणतो— तू मला शिकवणार माझ्या नवऱ्याचा दगड कधी—

काय?

कोण आलं होतं? कुठे?

हळू बोल. नाही, जोरात बोल. तिथे, हॉटेलात? तुझ्या स्वप्नात? हं. हे बघ, तू आदल्या दिवशी ते फूल खोचलेलं मांस खाल्लं असशील. त्यानं स्वप्नं पडतात. म्हातारा माणूस. इथे म्हातारे काय थोडे आहेत? टोपी. टोपी सगळे घालतात. पाणी मागितलं. तू पेला दिलास आणि त्यानं घेतला नाही, बोटानं उंबरा दाखवला, तिकडे सांड म्हणून... म्हणून तू मगाशी. अस्सं. म्हणजे रॉलनं नाही शिकवलं. नसेल शिकवलं, नाहीतर स्वप्नात आलं असेल काहीबाही, फोटो बघितला असशील तू त्याचा, हा काय भिंतीवरच आहे. आणि काय म्हणाला? "मला उभा करा." एवढंच? इंग्रजीत म्हणाला की आमच्या बोलीत? आठवत नाही. बघ, आठवत नाही! मला रॉलची चाल दिसते ह्यात. बापाला स्वप्नात आणता येईना, म्हणून बायकोच्या स्वप्नात आणला. हुशार आहे. टोरांटोला जाऊन एवढं शिकला. जा, सांग त्याला, इस्मे क्वाशी अजून एवढी—

हात?

कुठे होता हात?

पोट दुखत होतं असं वाटलं तुला. डाव्या हातानं कंबर धरली होती. पूर्ण वेळ? पाणी मागताना पण? आणि बोटानं उंबरा दाखवला तो उजव्या हातानं, डावा सोडलाच नाही. सोडला नाही... आणि तू हे रॉलला सांगितलंस? नाही. कोणालाच नाही. थेट इकडे आलीस.

थांब. मला बसू दे. नाही, त्या खुर्चीवर नको— हो, ह्याच खुर्चीवर. हात नको लावूस मला, बसता येतं.

पोट नव्हतं गं दुखत त्याचं. विजार सांभाळत होता. विजार! सूट त्याला ढिला झाला होता शेवटी, आजारानं काही ठेवलं नव्हतं अंगावर, आणि पट्टा— शवपेटीचं झाकण लावायच्या आधी मी सगळ्यांना बाहेर काढलं, म्हटलं मला एकटीला बसू द्या, आणि पट्टा काढून घेतला. वरून कोट नीट केला. कोणाला काय दिसणार? रॉल नव्हताच तेव्हा, त्याचं विमान चुकलं होतं. गादीखाली आहे तो. मला त्याचं काहीतरी अंगावरचं हवं होतं, अंगावरचं, घामाचं. दगड काय, दगडाला वास येत नाही. आणि हा माणूस तेव्हापासून एका हातानं विजार धरून फिरतोय! आणि मला बोलला नाही. माझ्याकडे दगड मागितला, पट्टा नाही मागितला. रोज यायचा सुरुवातीला. ऐकलंस? यायचा. पायथ्याशी उभा राहायचा, "इस्मे, किती वेळ?" मी म्हणायचे, थांब जरा, पोर पुढल्या वर्षी येणारे, तेव्हा बघू. पुन्हा यायचा, पुन्हा म्हणायचे थांब. भांडायचा नाही. आयुष्यात कधी भांडला नाही तो, तोच तर त्रास. मग यायचा थांबला. मला वाटलं, रुसलाय, येईल. नाही आला. पावसाळे गेले. मी रॉलला सांगत राहिले, नाही आले रे बाबा— आणि खरंच नाही आला. दगडाकडे तोंड करून झोपते, तरी नाही.

आणि गेला कुठे? हॉटेलात! आपलं घर सोडून, टेकडी उतरून, त्या छत्र्यांमधून, त्या हौदाच्या काठानं, विजार धरून! तोही गेला का सुट्टीला? आणि तुझ्याकडे. पोटच्या पोराकडे नाही, माझ्याकडे नाही, तुझ्याकडे. जिला त्याची बोली येत नाही. जिनं त्याला जिवंत बघितला नाही. रडू नकोस, मला रडणारी माणसं आवडत नाहीत. तू कशाला रडतेस? तुझ्याकडे आला ना तो? माझ्याकडे आला असता तर मी रडले नसते.

बरं. ऐक. शनिवारी. रॉलला सांग ती होडी रद्द कर, ते वाळूचं बेट कुठे पळून जात नाही. बोकडाचं मी व्हर्नेटाच्या दिराशी बोलते. ढोलवाल्यांकडे रॉलनं स्वतः जायचं, पायी, फोन करायचा नाही, त्यांना राग येतो. शुक्रवारी दुपारपासून पोरं इथे. इथे झोपतील, डास चावले तर चावू देत, त्यांच्या बापालाही चावलेत. तू भात वळायला ये. येत नसेल, हात भाजतील, भाजू दे. पट्टा मी दगडाखाली ठेवीन, सिमेंट ओतायच्या आधी. ते कोणाला सांगायचं नाही. रॉललाही नाही. हे तुझं आणि माझं. शपथ नको घेऊस, नुसती मान हलव.

आणि मग नाही आलात तर नाही आलात. जा तुमच्या बर्फात. व्हर्नेटाला एक सोबतीण होईल.

आता ऊठ. ऊन आणखी चढेल. पेला ठेव तिथेच, मी विसळीन. चपला बाहेर आहेत, आणि उतरताना डाव्या हाताला धरून उतर, उजवीकडचा कठडा सुटलाय, रॉल दर वर्षी म्हणतो दुरुस्त करतो. जा. उभी काय राहिलीस? आणि मला इस्मे म्हणू नकोस पुन्हा. त्यानं म्हटलेलं पुरे आहे.

ए— थांब. आज परत आला तुझ्याकडे, तर त्याला म्हणावं— काही म्हणू नकोस. नाही, म्हण. म्हणावं, घर वर आहे. दार उघडंच असतं. हॉटेलात काय करतोस.

जा आता.