ज्योत नसलेल्या नाण्याबाबत

मी, वय ४७ वर्षे, काम वस्तुसंग्रहालयात जुनी नाणी साफ करणे व त्यांचे नमुने बनविणे, राहणार संग्रहालयामागच्या गल्लीत, दुसरा मजला, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

माझ्या टेबलावर पूर्वी माझे वडील काम करीत. एकतीस वर्षे. माझे सख्खे मामा नाण्यांचे व्यापारी आहेत, ते तिथे गप्पा मारायला येत. सहा वर्षांपूर्वी प्राचीन इराणी राजाचे एक चांदीचे नाणे गायब झाले. मामांनी संग्रहालयाच्या साहेबांना सांगितले, "दाजींनी खिशात टाकताना मी बघितलं." वडिलांची नोकरी गेली. त्यानंतर ते घराबाहेर पडले नाहीत. दुसऱ्या वर्षी वारले. नाणे मामांनीच विकल्याचे मला पुढे कळले, पण पुरावा नव्हता.

मामा नाण्यावर फक्त राजाचा मुकुट बघतात. मागच्या बाजूला अग्निवेदी आणि तिचे दोन राखणदार असतात. "आग काय, सगळ्यांवर सारखीच," असे ते म्हणतात. म्हणून गेल्या महिन्यात मी तसाच नमुना बनवला. वेदी कोरली, राखणदार कोरले, ज्योत कोरली नाही. जरथुष्ट्री धर्मात ती आग पवित्र, ती विझू द्यायची नसते. नमुना फोटोसह वहीत नोंदवून साहेबांची सही घेतली. मग मामांना चहाला बोलावले आणि नमुना टेबलावर ठेवून आधण ठेवायला आत गेले. मुद्दाम ठेवला का, असे विचारल्यावरून सांगते की, होय. उचला, असे मात्र मी म्हटले नव्हते.

काल सकाळी ११ वाजता संग्राहकांच्या सभेत मामांनी तो अस्सल म्हणून, स्वतःच्या सहीच्या दाखल्यासह विकायला मांडला. अग्निमंदिरातल्या वृद्ध धर्मगुरूंनी भिंग लावले. "अहो शेठ, आग कुठाय?"

"झिजली असेल."

"राखणदारांच्या दाढ्या शाबूत, आणि आग तेवढी झिजली?"

सभा हसली. मी सोबत नेलेली नोंदीची वही उघडून समोर ठेवली. मामांचे तोंड एवढेसे झाले. मला फार बरे वाटले.

दारात मामा म्हणाले, "आईच्या भावाला कोर्टात उभं करशील?" मी म्हटले, "नुसतं उभं नाही, आत बसवीन."

घरातले प्रकरण आहे, मिटवून घ्या, असे येथील हवालदारांनी सुचविले. मला मान्य नाही.

जबाब मला वाचून दाखविला. त्यात हवालदारांनी, मामांनी नमुना "नजरचुकीने नेला", असे लिहिले होते. ते खोडायला लावून "चोरला" असे लिहून घेतले. वडिलांना कामावरून काढल्याच्या कागदावर हाच शब्द मामांनी शेजारी उभे राहून लिहवून घेतला होता. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.