थांबायची खूण

बटणवाली: रोलर कोस्टरच्या प्रत्येक फेरीला विचारावंच लागतं, काका. हृदयविकार, रक्तदाब, चक्कर, फिट, पाठीचं ऑपरेशन, गर्भारपण. यातलं काही?

बाबा: शेवटचं नाही.

बटणवाली: सगळे पुरुष हाच विनोद करतात. बाकीचं?

बाबा: ठणठणीत. मघाशी पाहिलंत ना, पहिल्या फेरीत माझा आवाज तरी निघाला का? ही माझी लेक मात्र अशी किंचाळली, की त्या बंद दुकानांची शटरं तेवढी उघडायची राहिली.

बटणवाली: दांडा कमरेशी ओढा. अजून. श्वास सोडा थोडा. हं, बसला. तुमचा, ताई?

लेक: बसलाय. बाबा, एकदा झालं ना, बास की. गरम काहीतरी पिऊ आणि घरी जाऊ.

बाबा: तिकीट दिवसभराचं आहे. रांग नाही, पोरं नाहीत, गोंगाट नाही. सगळी बाग आपल्या दोघांची. राजाला तरी मिळतं का असं?

लेक: राजा थंडीत कुडकुडत बसला नसता. त्या पाळण्यावर ताडपत्री घातलीये, तलावात पाणी नाही. एवढी हौस होती तर मी लहान असताना का नाही आणलंत?

बाबा: तेव्हा सुट्टी कुठे मिळायची? सोडा हो बाई गाडी.

बटणवाली: वारा आहे. वाऱ्याचा काटा खाली येऊ दे, मग सोडते.

बाबा: बघ, यांच्याकडेही काटा आहे. आमच्या केबिनमध्ये असाच असतो. बाई, आपण एकाच धंद्यातले. मी क्रेन चालवतो, उंचावरची. माणसं खाली, मी वर.

बटणवाली: माझं उलटं. माणसं वर, मी खाली.

बाबा: पण नियम तोच. वारा वाढला की हात बांधून बसायचं. साहेब बोंबलू दे, नाहीतर त्याचा बाप बोंबलू दे.

लेक: मग त्या दिवशी काटा कुठे होता, बाबा?

बाबा: कुठल्या दिवशी?

लेक: क्रेनला टांगलेला पुलाचा गर्डर हलला त्या दिवशी.

बाबा: ते आता कशाला काढतेस? वारा आला, गर्डर झोकांडला. लागलं कुणाला नाही. विषय संपला.

लेक: तुमचे जावईबापू घरी आले ते बूटही न काढता देवापुढे जाऊन बसले. तेही म्हणाले, वारा आला.

बाबा: मग? दोन माणसं एकच सांगतात तर ते खरंच असणार.

लेक: मी त्या दिवशी घरी होते. गच्चीत चादरी वाळत घातल्या होत्या. संध्याकाळपर्यंत घडी घातल्यासारख्या सरळ लोंबत होत्या. पानसुद्धा हललं नव्हतं.

बाबा: वर वेगळा वारा असतो. तुला काय कळतंय त्यातलं, तू कापड कापणारी.

लेक: मी कापड कापते म्हणूनच विचारते. माझी कात्री सरकली तर थान वाया जातं, मालक दोन शब्द बोलतो. तुमचा हात सरकला तर खाली कोण उभं असतं?

बाबा: सिग्नलमन असतो, हातांनी खुणा देणारा.

लेक: माझा नवरा असतो, बाबा.

बटणवाली: काटा उतरला. सोडू का? की तुमचं आधी मिटतंय?

बाबा: सोडा. आमचं घरी गेल्यावरही मिटणार नाही.

लेक: थांबा जरा. बाबा, माझ्याकडे बघा. आपण इथे मजा करायला आलो नाही, हो ना? सोमवारी तुमची तपासणी आहे आणि त्याच दुपारी तो पुलाचा मोठा गर्डर उचलायचाय. आणि तुम्ही मला शनिवारी सुट्टी घ्यायला लावून इथे आणता. तुम्ही स्वतःला तपासायला आलाय.

बाबा: डॉक्टर काय तपासतो? खुर्चीत बसवतो, नाडी बघतो, फळ्यावरची अक्षरं वाचायला लावतो. खुर्चीत मी पहिलवान आहे. मला कळायला हवं ते वर.

लेक: म्हणजे काहीतरी होतंय.

बाबा: होत नाही. झालं होतं, एकदा. कदाचित. आज इथे नाही झालं तर पुन्हा कुठेच होणार नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पहिली फेरी कशी झाली, तूच पाहिलीस. सोडा बाई.

(गाडी सुटते. साखळी कुरकुरत तिला चढावर ओढून नेते आणि टोकावरून सोडून देते. मग सगळ्या रिकाम्या बागेत एकच आवाज राहतो, एका बाईचा. ती किंचाळत नाही, कुणाला तरी हाका मारते आहे. बोगदा तिला गिळतो, परत बाहेर टाकतो आणि गाडी फलाटाला लागते.)

बाबा: बघ. काही झालं का? आणखी एक फेरी झाली, की मी पास.

लेक: बोगद्यात शिरताना मी तुम्हाला काय म्हणाले?

बाबा: त्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येतंय?

लेक: मी तुमच्या कानाशी होते. तुमचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, बाबा.

बाबा: वळणावर कलतं माणूस.

लेक: वळण दुसऱ्या बाजूचं होतं.

बाबा: मग डोळे मिटले असतील जरा. वारा झोंबतो डोळ्यांना.

लेक: तुमचा हात दांड्यावरून सुटला होता. मी धरला. तुम्ही माझा धरला नाहीत. असा पडला होता, ओल्या फडक्यासारखा. मी हाका मारत होते. बाबा म्हणून मारल्या, शेवटी नाव घेऊन मारली. आयुष्यात कधी तुमचं नाव घेतलं नव्हतं मी.

बाबा: एवढ्यातेवढ्याला घाबरतेस. आईवर गेलीस.

बटणवाली: काका, बोलू का मध्ये?

बाबा: बोला. तेवढं एकच राहिलंय.

बटणवाली: सकाळी बाग उघडायच्या आधी आम्ही गाडी रिकामी सोडत नाही. पाणी भरलेले पुतळे बसवतो, माणसाच्या वजनाचे. मी ते रोज बघते. माणूस वळण यायच्या आधी अंग सावरतो, डोळे मिटलेले असले तरी. पुतळा वळण आल्यावर हलतो, उशिरा. शेवटच्या तीन वळणांना तुम्ही उशिरा हललात.

बाबा: तुम्ही तिथून, काचेमागून, हे बघितलंत?

बटणवाली: तेवढंच तर बघायला बसवलंय मला.

बाबा: ठीक आहे. समजा, आली भोवळ. या असल्या गाडीवर धडधाकट माणसाचेही डोळे पांढरे होतात.

बटणवाली: या गाडीवर नाही. शाळेच्या सहली बसतात हिच्यावर. ओकतात, रडतात, चपला हरवतात. शुद्ध कुणाची जात नाही.

बाबा: दोन फेऱ्या झाल्या. एक अशी, एक तशी. तिसरी ठरवेल. बटण दाबा.

लेक: मी उतरतेय. बाई, माझा दांडा काढा.

बाबा: उतर. मी एकटा जातो.

बटणवाली: ताई, पिवळ्या रेषेच्या मागे उभ्या राहा. काका, मी तुम्हालाही उतरवणार आहे.

बाबा: तुम्ही विचारलंत, मी ठणठणीत सांगितलं. जबाबदारी माझी. हवं तर सही देतो.

बटणवाली: सही घेऊन मी काय करू? रात्री झोप मला यायला हवी.

बाबा: बाई, एक विचारू? उद्या तुम्हाला सांगितलं, हे बटण सोडा, मागच्या खोलीत बसून पट्टे मोजा, दोरखंडांना तेल लावा, येणाऱ्याजाणाऱ्याला चहा सांगा. तुम्ही काय कराल?

बटणवाली: मला आवडणार नाही.

बाबा: आवडणार नाही. मला तर दुसरं काही येतच नाही. खाली आलो की मी कुणीच नाही. भाजी आणायला पाठवलं तर नासकी आणतो. वर त्या खोक्यात बसलो की पुलाचा अख्खा तुकडा बोटाएवढ्या फटीत बसवतो मी. लोक खालून माना वर करून बघतात. हे सगळं एका भोवळीसाठी सोडू?

लेक: मला वाईट नाही वाटत का, बाबा? शाळेत मी सगळ्यांना सांगायचे, ती मोठी क्रेन आहे ना, तिच्यात माझे बाबा बसतात. अजून सांगते. दुकानात नवी मुलगी आली तरी सांगते.

बाबा: मग?

लेक: मग एकच सांगा. खरं सांगा. त्या दिवशी ह्यांनी खूण दिली होती का?

बाबा: कसली?

लेक: थांबायची.

बाबा: दिली असेल.

लेक: असेल?

बाबा: मला दिसली नाही. डोळे उघडले तेव्हा गर्डर त्याच्या डोक्यावर होता, आणि तो पळालेला नव्हता. त्याच्यामागे दोन पोरं वाकून काम करत होती, त्यांना बाजूला ढकलून तो तिथेच दोन्ही हात वर करून उभा होता. किती वेळ उभा होता, देव जाणे. मी क्रेनची दांडी मागे ओढली. साहेब धावत आला तर हाच म्हणाला, वारा आला. मला काही बोलूच दिलं नाही.

लेक: आणि तुम्ही बोलला नाहीत.

बाबा: नाही बोललो.

लेक: आज आठ दिवस ते रात्री उठून बसतात. मला वाटलं, पोट बिघडलंय. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का, बाबा? सोमवारी ते पुन्हा तिथेच उभे राहणार. तुमचा शब्द मोडायचा नाही म्हणून.

बाबा: मी त्याला सांगितलंय, आता काही होणार नाही.

लेक: मघाशी झालं.

बाबा: म्हणून तर तिसरी फेरी. कळू दे मला एकदाचं. बाई, दाबा ते बटण.

बटणवाली: नाही दाबणार.

बाबा: मग मीही उठणार नाही. संध्याकाळपर्यंत बसतो.

बटणवाली: बसा. माझी पाळी संध्याकाळपर्यंतच आहे.

लेक: बाबा.

बाबा: काय?

लेक: इकडे बघा. समोर.

बटणवाली: ताई, रेषेच्या मागे. दोन्ही हात का वर केलेत?

लेक: त्यांना माहीत आहे.

बाबा: हात खाली घे.

लेक: नाही घेणार.

बाबा: हा पोरखेळ आहे का?

लेक: पोरखेळच होता. तुम्ही कामावरून आलात की मी दारात अशी उभी राहायचे. तुम्ही उंबऱ्यावर एक पाय वर धरून थिजायचात. हातात पिशवी, खांद्यावर डबा. आई आतून ओरडायची, अहो, आत या, दूध उतू गेलं. पण मी हात खाली घेतल्याशिवाय तुम्ही पाय टेकला नाहीत. एकदाही नाही.

बाबा: तू लहान होतीस. गंमत वाटायची तुला.

लेक: तुम्ही म्हणाला होतात, ही गंमत नाही. बाकीच्या खुणा फक्त सिग्नलमनच्या ऐकायच्या, पण ही कुणीही दिली तरी ऐकायची. साहेब असो, झाडूवाला असो, रस्त्यावरचं पोर असो. का, कशाला, विचारायचं नाही. आधी थांबायचं.

बटणवाली: असा नियम आहे?

बाबा: आहे.

बटणवाली: चांगला आहे.

लेक: दिसतंय का, बाबा? ह्यांची नाही दिसली. माझी दिसतेय का?

बाबा: दिसतेय.

लेक: मग?

बाबा: मागच्या खोलीत पट्टे मोजत बसलेला बाप चालेल तुला?

लेक: चालेल. दुकानातल्या मुलींना मी तेच सांगेन. मोठ्या क्रेनवर होते, आणि थांबायचं कळल्यावर थांबले.

बाबा: सांगशील ना नीट? दया आल्यासारखं नको.

लेक: नीट सांगेन.

बाबा: त्याला फोन लाव. नको, मीच लावतो. साहेबालाही मीच सांगतो, वारा नव्हता म्हणून. बाई, काढा हा दांडा. पोटाला रुततोय.

बटणवाली: काढला. उतरा, काका. सावकाश. ...काका? दांडा उघडलाय. पुन्हा भोवळ आली का? पाणी आणू?

बाबा: पाणी नको. पोरी, आता हात खाली घे. त्याशिवाय मला हलता येत नाही.