स्वातंत्र्यदिनाची स्तोत्रं आणि आमचे रब्बी

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय एलीशा कर्सेंती, नगरपालिकेतून वेळ काढून आलेल्या पाहुण्या पेनिनाबाई, कार्यकारी मंडळाचे गिदोन सबाग आणि मेनाशे वाक्निन (हे दोघे शेजारीशेजारी बसलेले पाहून डोळ्यांचं पारणं फिटलं), सत्कारमूर्ती, आपले धर्मगुरू रब्बी अमराम ओहायोन, त्यांच्या पत्नी झोहरावहिनी, आणि माझ्या बंधुभगिनींनो,

मी आशेर दहान. या सिनेगॉगमध्ये सणासुदीला प्रार्थना सांगायला मी पुढे उभा राहत असे. अध्यक्षांनी मला चार गोड शब्द बोलायला सांगितलंय. गोड शब्द आधीच्या वक्त्यांनी संपवले, त्याला माझा इलाज नाही.

रब्बी प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त होत आहेत, असं आत्ता आपण ऐकलंत. कुणाच्या प्रकृतीच्या? परवाच ते पाण्याच्या टाकीची टेकडी चढून गेले. धापा मी टाकत होतो.

पेनिनाबाई, तुम्ही बाहेरच्या, म्हणून सांगतो. स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी हल्लेल, म्हणजे सणाची स्तुतिस्तोत्रं, म्हणायची का, यावर आमच्याकडे जुना वाद आहे. गिदोनभाऊंचं म्हणणं, दोन हजार वर्षांनी ज्यूंना राज्य मिळालं, याहून मोठी सुटका कोणती? म्हणून आधी बराखा म्हणा, म्हणजे 'देवानं आम्हाला ही आज्ञा केली' असं त्याचं नाव घेऊन सांगा, आणि मग गा. मेनाशेभाऊ विचारतात, ही आज्ञा केली कुणी? आज्ञा नसताना बराखा म्हणणं म्हणजे देवाचं नाव वाया घालवणं. आणि संकट तरी संपलंय कुठे? दोघांनाही थोर पंडितांचे आधार आहेत. या वादाला मी हसत नाही. आपल्या लोकांनी देवाच्या नावाची एवढी काळजी घेतली, याचा मला अभिमानच आहे.

रब्बींनी निर्णय दिला होता: स्तोत्रं म्हणा, पण प्रार्थना संपल्यावर, आणि बराखेशिवाय. दोन्ही पक्ष नाराज झाले. झोहरावहिनी म्हणायच्या, "दोघं रुसलेत ना? मग निर्णय बरोबर असणार." वर्षानुवर्षं असंच चाललं, आणि स्तोत्रं मी सांगत आलो.

मग माझा मुलगा नेहोराय उत्तर सीमेवर लढताना गेला.

आपल्याकडे हुतात्म्यांचा दिवस संपतो त्याच संध्याकाळी स्वातंत्र्यदिन लागतो, हे तुम्हाला मी काय सांगू? आदल्या दिवशी मी मुलाच्या कबरीपाशी उभा होतो. दुसऱ्या सकाळी इथे आलो. कुणी बळजबरी केली नव्हती. मला म्हणायचंच होतं. नेहोरायला ती चाल आवडायची.

'मेलेले देवाची स्तुती करत नाहीत' ही ओळ आली आणि मी अडलो. क्षणभर थांबलो असेन. तेवढी फट पुरली. गिदोनभाऊंनी टेबलावर हात आपटला. म्हणाले, सुरुवातच चुकली, बराखा घेऊन पहिल्यापासून म्हणा. मेनाशेभाऊ उठले, म्हणाले, बराखा घेतलीत तर आम्ही बाहेर जातो. मग कुणाची तरी कॉलर कुणाच्या तरी हातात. शास्त्राधार माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे उडत होते. मी मध्येच उभा होतो, ओळ अर्धी तोंडात. मंडळी, एकालाही मी दिसलो नाही?

एकाला दिसलो. रब्बी उठले, माझ्या हातातला प्रार्थनाग्रंथ मिटला आणि शांतपणे म्हणाले, "आज इथे हल्लेल होणार नाही. शास्त्र काय सांगतं ते मी सांगितलंय, ते बदललेलं नाही. पण या माणसाला तुडवून देवाची स्तुती होत नसते. घरी जा."

दुपारी ते माझ्या घरी आले. उद्यानातून मांस भाजल्याचा वास येत होता, पोरं गात होती. माझ्या बायकोनं पुदिन्याचा चहा ठेवला.  चहा घेता घेता मी विचारलं, "रब्बी, उरलेलं म्हणायचं राहिलं. आता म्हटलं तर चालेल?"

"दिवस मावळला नाही अजून," ते म्हणाले. "तू म्हण. अडलास तर मी म्हणेन."

मी तीनदा अडलो.

आणि पुढच्याच आठवड्यात मंडळाची बैठक. एक पक्ष म्हणाला, रब्बींनी राष्ट्राचा अपमान केला. दुसरा म्हणाला, त्यांनी हे स्तोत्रांचं खूळ आधी चालू ठेवलंच का? ज्यांचं पंख्याच्या दुरुस्तीवरही कधी एकमत झालं नाही, त्या गिदोनभाऊंचा आणि मेनाशेभाऊंचा हात रब्बींना काढण्याच्या ठरावावर एकाच वेळी वर गेला. आता रुप्याचं तबक देताय. द्या. चांगलं घडवलंय.

अध्यक्षमहाराज, घड्याळाकडे पाहताय, आवरतो.

आपण मला बोलू दिलंत, आभारी आहे. चहापाणी करणाऱ्या भगिनींचा ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर ते दुखावलेल्या बापाचं समजून पोटात घाला. सांगितलेली हकीकत मात्र मी मागे घेणार नाही. रब्बी गाव सोडत नाहीत. पुढच्या स्वातंत्र्यदिनी सकाळी त्यांच्या घरी प्रार्थना आहे. स्तोत्रं मी सांगणार, बराखेशिवाय. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आम्ही दोघं आहोत. उरलेले आठ या सभागृहात आहेत की नाहीत, ते मला तुमच्या तोंडून नको, त्या दिवशी दारात कळू दे.