मच्छरदाणीतलं कलिंगड

मंडळी, ऐका! एक सवाल टाकतो, उत्तर मनातल्या मनात द्या. ज्याच्यावर आपली माया, त्याला झाकून ठेवावं का मोकळं सोडावं? — ओ काका, मनातल्या मनात म्हणालो! काकूंकडं बघून ठरवू नका!

हां. तर एक गाव होतं, नदीकाठचं. तिथं गणू आबा. ह्या आबांची नदीच्या वाळूत कलिंगडाची वाडी असायची. फळ असं, की सुरी नुसती टेकवली की तडकायचं! पुढं धरण झालं, वाळू पाण्याखाली गेली, वाडी संपली. उरलं काय? चिंधीत बांधलेलं चिमूटभर बी! आबा खाटेला लागले, तेव्हा ती चिंधी त्यांनी थोरल्या सुनेच्या, हौसाबाईच्या हातात दिली. म्हणाले, "पोरी, बी जुनं झालंय. औंदा फळ धरलं तर धरलं. न्हाईतर आपलं वाण बुडालं."

हौसाबाईनं घरामागच्या परड्यात आळं केलं, शेणखत घातलं, बी टोचलं. उगवले किती? दोन वेल! बाकीचं मातीतच कुजलं.

आता भिंतीपलीकडं कोण? धाकटी जाऊ, शेवंता. दोघींचं बोलणं बंद! का? वाटणीत पाटा आला हौसाबाईला आन् वरवंटा गेला शेवंताला! दोन्ही घरांत चटणी वाटायची पंचाईत, पण माघार घेतंय कोण? — हसू नका, तुमच्याही घरात असला एखादा वरवंटा आहे!

हौसाबाईच्या मनात एकच. नजर! शेवंताची नजर लागणार! तिनं काय केलं? लेकाच्या लग्नात आहेरात आलेली मच्छरदाणी काढली, वेलांवर तंबू ठोकला, कडेनं विटा दाबल्या, वर काळी बाहुली टांगली. पाणी घालायचं ते पण एक कोपरा उचलून, लगेच खाली! बघ म्हणाली, कशी बघतेस ती!

वेल पसरले. पिवळी धमक फुलं आली. काही फुलांच्या बुडाला सुपारीएवढं लवदार फळ! हौसाबाई हरखली. अन् मग... ती सुपारी पिवळी पडली. गळाली. दुसरी आली. गळाली! तिसरी पण तीच गत! झालं! बाई पदर खोचून भिंतीशी.

"शेवंते! माझ्या वेलाकडं डोळं लावून बसतीस व्हय गं?"

"तुमचा वेल दिसतोय कुठं, आक्का? नवरीगत झाकून ठेवलाय!"

"झाकीन न्हाईतर पेटवीन! तुला काय करायचंय?"

"मग रडा तिथंच बसून!"

धाड्! शेवंताचं दार बंद. इकडं हौसाबाईच्या घरातनं आबांचा आवाज आला, "पोरी, धरलं का गं?" आन् ही एवढी फटकळ बाई, आवाज बारीक करून म्हणाली, "धरतंय, आबा." खोटं! मंडळी, रागातली बाई बघवते, पण असं खोटं बोलणारी बघवत नाही.

सकाळी ती वेलापाशी येऊन बसली. नुसती बसली. अन् बघते तर मच्छरदाणीवर बाहेरनं एक मधमाशी! आत फूल उमललेलं, बाहेर माशी. खाली उतरते, वर चढते, डोकं खुपसते, पाय झाडते... वाट मिळेना! कंटाळून उडाली. कुठं गेली? भिंतीपलीकडं! शेवंताच्या शेवग्यावर! तिथं नुसती गुणगुण चाललेली.

हौसाबाईचा हात कपाळावर! नजर कसली, तिनंच पाहुणी दारातनं हाकलली होती! एका फुलाची पिवळी भुकटी दुसऱ्याला लागल्याबिगर फळ धरतंय का? उठली. विटा लाथेनं उडवल्या. फर्रकन् मच्छरदाणी ओढली, बाहुलीसकट!

माशा आल्या! — आन् दुपारी शेवंताची शेळी पण आली! मला वाटलंच, तुम्ही म्हणणार आता सगळं गोड. छ्या! शेळीनं एक वेल बुडापासनं फस्त केला! हौसाबाई झाडू घेऊन धावली, तर पुढनं शेवंताच धावत आलेली, शेळीचा कान धरून, रडकुंडीला.

"आक्का, मारा मला! दावं तुटलं हो!"

हौसाबाईनं झाडू खाली टाकला. "तुला मारून वेल येतोय व्हय? एक उरलाय. सकाळी मी पाण्याला जाते, तवा तू बस हितं."

"मी? वेलापाशी?"

"मग काय शेळीला बसवू?"

बसली, मंडळी! रोज बसली! आन् त्या एका वेलाला एक फळ धरलं. एकच! पण वाढलं, घागरीएवढं झालं. देठाजवळचा ताणा वाळला, म्हणजे फळ पिकलं, तसं दोघींनी ते आबांच्या खाटेवर ठेवलं. आबांनी टिचकी मारली, कान लावला. "काप."

लालबुंद! आबांनी फोड तोंडात घेतली, डोळे मिटले, अन् काळंभोर बी एकेक करून तळहातावर काढलं. हौसाबाईनं त्यातलं निम्मं उचललं आन् शेवंताच्या ओंजळीत घातलं. "माझा वेल खाल्ला कुणी, तर तुझा तरी ऱ्हाईल."

बोला आता! देव देत नाही म्हणून तुम्ही रडता. अरे, तो येऊन बाहेरनं डोकं खुपसतोय, आत यायला फट तर ठेवा! भाऊ दारावर आला, कडी घातली. लेक काही सांगायला आली, गप्प बस म्हणालात. वर हात जोडून विचारता, फळ का धरंना!

चला, हात वर करा. ओ दादा, मूठ कशाला आवळलीय? उघडा हात! असं. आता घ्या देवाचं नाव, मोकळ्या गळ्यानं!