दारातलं निळं माणूस

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसलो होतो. समोरच्या भिंतीवर नुसते रंगांचे पट्टे आणि डाग असलेलं एक मोठं चित्र होतं. माझ्या मागच्या बाकावर एक वयस्कर नवरा-बायको बसले होते.

"अहो, हे काय चित्र म्हणायचं? कुणाच्या तरी हातून रंग सांडलेले दिसतात."

"छान आहे की."

"पण आहे काय त्यात?"

"दार आहे. दारात कुणीतरी उभं आहे."

"कुठंय दार? मला तर पिवळा पट्टा दिसतोय आणि त्यावर निळा डाग."

"तेच ते. पिवळं ते दार, निळं ते माणूस."

"माणसाला तोंड नको?"

"तोंड कुठे दिसतं? बोललं की कळतं कोण आहे ते."

"काहीतरीच तुमचं! असली चित्रं काढायला सुरुवात तरी कुणी केली असेल?"

"ज्याला असं दिसायला लागलं असेल त्यानं. मला आवडलं बुवा. अगदी जसंच्या तसं काढलंय."

"जसंच्या तसं? अहो, मी दारात उभी राहते तेव्हा तुम्हाला अशी दिसते?"

"सकाळी. मागून उजेड असला की."

"आणि दुपारी?"

"दुपारी तू बोलतच असतेस."

"मला तर म्हणालात, चष्म्याचा नंबर बदललाय फक्त!"

"तोही बदलला असेल."

"अहो, आत्ता गाडी तुम्ही चालवत आणलीत!"

"हळूच आणली की."

"किल्ली द्या इकडे."

"देतो. हात तर पुढे कर."

"केव्हाचा केलाय."